किरणचे हात

शिंदखेड्याच्या शाळेत किरण बोरसेची वही वर्गावर्गांतून फिरायची. समासाची रेघ लाल, मथळ्याखाली दोन रेघा आणि खाडाखोड औषधालाही सापडायची नाही. सर वही उंच धरून म्हणायचे, "बघा रे, याला म्हणतात काम!" सरांना एक गोष्ट माहीत नव्हती. एक अक्षर चुकलं तरी किरण अख्खं पान फाडायची आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायची. दोनशे पानी वही वर्ष संपेपर्यंत सव्वाशे पानांची उरायची. फाडलेली पानं ती दप्तराच्या तळाशी कोंबायची आणि घरी येताना रेल्वे फाटकाजवळच्या उकिरड्यावर टाकून द्यायची. आईला ती दिसायला नकोत, एवढंच तिचं म्हणणं.

आई म्हणजे कमलबाई. वडील झुलाल नरडाण्याच्या एमआयडीसीत मशीनवर होते. आठवड्याला पाळी बदलायची, त्यामुळे घरात त्यांचं फारसं चालत नव्हतं, आणि त्याबद्दल त्यांची तक्रारही नव्हती. चालायचं ते कमलबाईंचं. किरणच्या दोन्ही वेण्या सारख्या लांबीच्या असल्या पाहिजेत. पाहुण्यांसमोर बशीत चहा ओतायचा नाही. आणि घरात अहिराणी बोलायची नाही. अख्खी गल्ली 'शे' आणि 'बठ्ठा' करत असताना बोरशांच्या घरात मात्र 'आहे' आणि 'सगळं' चालायचं. स्वतः कमलबाई संतापल्या की शुद्ध मराठी सगळ्यात आधी घराबाहेर पळायची, पण हे त्यांना कोण सांगणार!

त्यांच्या या हट्टामागे एक फाटलेला मांडा होता. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला सासूने त्यांना खापरापुढे बसवलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, इकडे माहेरवाशिणी येतात, निंबाला झोके टांगतात, पितरांची घागर भरतात, आणि पानात मांडा नसेल तर त्या सणाला सण म्हणत नाहीत. पुरण भरलेला पिठाचा गोळा हातावर खेळवत खेळवत कोपरापर्यंत मोठा करायचा आणि चुलीवरच्या उपड्या खापरावर अलगद टाकायचा. कमलबाईंचा मांडा हातावरच फाटला. पुरण खापरावर पडून करपलं, घरभर धूर झाला आणि भरल्या घरासमोर सासू म्हणाली, "सून गोरी आणली, पण हात लाकडाचे निघाले." पुढे सासू जिवंत होती तोवर दर आखाजीला हा किस्सा नव्या पाहुण्यांना नव्याने सांगत राहिली. कमलबाई तेवढ्यात काहीतरी आणायला आत जायच्या. त्यांनी स्वतः ही गोष्ट कधी तोंडातून काढली नाही. किरणला ती आजीकडूनच कळली होती.

तेव्हापासून बोरशांकडे मांडे यायचे ते बेबाबाईकडून. बेबाबाई तीन घरं सोडून राहायची. गल्ली तिला अक्का म्हणायची. अठराव्या वर्षापासून ती लोकांच्या लग्नाकार्यात मांडे करत आली होती. मनगटापासून कोपरापर्यंत दोन्ही हातांवर खापराचे चटके होते, काही जुने, काळपट पडलेले, काही नवे, गुलाबी. नवरा भाईदास जाऊन पंधरा वर्षं झाली होती. कार्यात तिची जागा मांडवाच्या मागच्या बाजूला, चुलीपाशी ठरलेली. पंगतीत लोक बोटं चाटत मांडे खायचे, पण ते करणारी बाई पुढे कधी दिसायची नाही. विधवा बाईने कार्यात पुढे पुढे करू नये, हे तिला कुणी बोलून दाखवलं नव्हतं. त्याची गरज पडली नव्हती.

दहावीची परीक्षा संपली आणि किरणच्या हातात दिवसभर मोबाईल आला. वर्गातल्या मुली नाचाचे रील टाकत होत्या. किरणला नाचता येत नव्हतं, म्हणजे येत होतं, पण चांगलं येत नव्हतं, आणि जे चांगलं येत नाही ते करायचं नाही हा तिचा नियम. मग तिला मांडे सुचले. एका दुपारी आई धुळ्याला लग्नाला गेलेली पाहून ती हिरव्या बांगड्या, हिरवा ड्रेस अशी नटून बेबाबाईकडे गेली. मोबाईल गव्हाच्या गोणीला टेकवून उभा केला. हातात गोळा घेऊन गोड हसतानाचा भाग झकास आला. पुढचा काही केल्या येईना. पाच गोळे फाटले. सहावा तिच्या मनगटावरून घसरून थेट चुलीत गेला.

"दे आठे," बेबाबाई म्हणाली. "पीठले घाई कयस, पोरी."

किरणने विचार केला. चेहरा तर आपला आलाच आहे, पुढे नुसते हात दाखवले तर? पण अक्काचे हात भुंडे होते. बघणाऱ्याला बांगड्यांचा फरक लगेच कळला असता. तिने आपल्या हातांतल्या सहा आणि सहा अशा बारा बांगड्या उतरवल्या.

"अक्का, दोन मिनिटांपुरत्या घालाल?"

बेबाबाई आधी हसली. "आते कसाले वं?" म्हणाली. मग हसणं थांबलं. उठून तिने दाराची कडी लावली, परत येऊन पाटावर बसली आणि दोन्ही हात पुढे केले. किरणने साबणाचं पाणी लावून एकेक बांगडी चढवली. पंधरा वर्षांनी काच त्या मनगटांवरून सरकत होती. पण किरणचं सगळं लक्ष खिडकीतून सरकत चाललेल्या उन्हाकडे होतं, त्यामुळे अक्काचा चेहरा तिने पाहिलाच नाही.

मग बेबाबाईने मांडा केला. गोळा तिच्या तळहातावरून मनगटावर गेला, मनगटावरून कोपराकडे, फिरत गेला, पातळ होत गेला, इतका की पलीकडच्या हिरव्या बांगड्या त्यातून दिसायला लागल्या. किरणने बाईला शेकडो मांडे करताना पाहिलं होतं, पण असा कधी पाहिला नव्हता. खापरावर तो पडला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही.

बांगड्या परत घेताना त्या अकराच भरल्या.

"एक वाढनी," बेबाबाई म्हणाली. बांगडी फुटली असं आपल्याकडे म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. किरणने जमिनीवर काच शोधलीही नाही. तिला रील टाकायची घाई होती. तिने व्हिडिओवर फिल्टर लावला आणि त्या फिल्टरने बेबाबाईच्या हातांवरचे चाळीस वर्षांचे चटके एका बोटासरशी पुसून टाकले. खाली लिहिलं, 'वय सोळा, खान्देशी मांडा, माझ्या हातचा.' शेवटचे दोन शब्द तिने दोनदा खोडले आणि तिसऱ्यांदा ठेवले.

चार दिवसांत चार लाख लोकांनी तो मांडा पाहिला. 'ज्या घरात जाईल त्या घराचं सोनं होईल.' 'आईची शिकवण दिसते.' 'आजकालच्या पोरींनी बघा जरा.' कमलबाई धुळ्याहून परत आल्या त्या मोबाईल छातीशी धरूनच. त्यांनी किरणला जवळ घेतलं आणि त्या रडल्या. हुंदके देऊन रडल्या. आजवर किरणने आईला असं रडताना पाहिलं नव्हतं. "मला जे जमलं नाही ना..." एवढंच त्या बोलल्या आणि तिचे हात आपल्या डोळ्यांना लावले. त्या क्षणी सांगायचं राहिलं ते राहिलंच.

तिथून किरणची झोप उडाली. आई म्हणायची, "एकदा घरी कर ना गं, आपण दोघीच आहोत." मग कधी तिचं डोकं दुखायचं, कधी पोटात दुखायचं, कधी ती बाजूला बसलेली असायची. एकदा तर तिने घरातलं खापर मोरीवर आपटून स्वतःच फोडलं आणि मांजरावर ढकललं. मांजराला दोन दिवस दूध मिळालं नाही. मोबाईल वाजला की तिला वाटायचं, कुणीतरी हात ओळखले. ती तो रील पुन्हा पुन्हा लावायची, थांबवायची, बोटांनी मोठा करून अक्काची नखं आणि आपली नखं शेजारी ठेवून पाहायची. जेवताना पाय हलवत राहायची. तिला स्वतःचा राग यायचा, आईचा यायचा, त्या चार लाख लोकांचाही यायचा. आणि तरी रोज सकाळी उठल्या उठल्या किती वाढले ते ती आधी मोजायची.

एप्रिलमध्ये जळगावहून लीलाधर मामांचा फोन आला. कमलबाईंचे हे भाऊ तिथल्या महिला मंडळाच्या मेळाव्याची व्यवस्था पाहायचे. आखाजीच्या आधीच्या रविवारी एका मंगल कार्यालयात मेळावा होता. तीनशे बायका येणार होत्या. "आपल्या भाचीला स्टेजवर मांडे करायचे आहेत," मामा म्हणाले. "समोर चूल, समोर खापर. कमल, तुझी पोर अख्ख्या समाजात नाव काढणार बघ!"

कमलबाईंनी किरणला न विचारता हो म्हणून टाकलं.

किरण त्या दुपारी बेबाबाईच्या दारात जाऊन बसली. बेबाबाईला गल्लीतून सगळं आधीच कळलं होतं.

"नऊ दिन शेतस," ती म्हणाली. "शिकी ले."

नऊ दुपारी किरण तिथे घाम गाळत बसली. पीठ वस्त्रगाळ करायचं, मिठाच्या पाण्यात भिजवायचं, आपटायचं, तिंबायचं, पुन्हा आपटायचं, हे सगळं ती वहीसारखं नेमकं शिकली. पण गोळा हातावर घेतला की खांदे कानाला लागायचे. पहिला मांडा मनगटापर्यंत यायचा आणि फाटायचा. फाटला की ती सगळं पीठ बाजूला सारून नवीन भिजवायला घ्यायची. बेबाबाई तिचा हात धरायची. "फाटना तं फाटना. त्याच गोयाले पुढे ने." किरणला ते जमत नव्हतं. एकदा फाटलेला गोळा हातात धरणंच तिला सहन व्हायचं नाही. सातव्या दिवशी ती रडली. नवव्या दिवशी एक मांडा कोपराच्या थोडा अलीकडेपर्यंत आला, न फाटता आला. बेबाबाईने तो तिथल्या तिथे दोघींत वाटून खाल्ला आणि दुसरा करायला लावला नाही.

जाण्याच्या आदल्या संध्याकाळी किरणने विचारलं, "अक्का, मी खरं सांगून टाकलं तर?"

बेबाबाई खापर पुसत होती. पुसून झाल्यावर म्हणाली, "तुनी मर्जी, पोरी. मी संगे येसु."

बेबाबाई सोबत येणार हे कमलबाईंनीही ठरवलंच होतं. पीठ कोण सांभाळणार, खापर किती तापलं ते कोण बघणार? तिघी सकाळच्या गाडीने जळगावला निघाल्या. किरणच्या हातांत नव्या हिरव्या बांगड्या होत्या, बारा. बेबाबाईने जुनीच, पण इस्त्री केलेली साडी नेसली होती आणि मांडीवर पिठाचा डबा धरला होता. सगळ्या वाटेत किरण खिडकीबाहेर पाहत राहिली, पण तिला एकही स्टेशन आठवलं नाही.

मंगल कार्यालयात स्टेजवर चूल मांडलेली होती. मागे मोठा फ्लेक्स होता, त्यावर किरणचा गोड हसरा चेहरा आणि हिरव्या बांगड्यांचे ते हात. फ्लेक्सवाल्याने तिच्या हनुवटीवरचा तीळही काढून टाकला होता. समोर तीनशे बायका, हातात मोबाईल. पहिल्या रांगेत कमलबाई, त्यांनी आपली लग्नातली पैठणी काढली होती.

किरणने पहिला गोळा उचलला. तळहात, मनगट. तिथे तो फाटला. पुरण खापरावर पडलं, चरचरलं, धूर निघाला. "पहिला नैवेद्याचा!" लीलाधर मामा माईकवर हसले. बायका हसल्या. दुसरा गोळा. तो मनगटापर्यंतही आला नाही. या वेळी कुणी हसलं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "रीलमध्ये तर कसा करत होती!" शेजारी चुलीपाशी बसलेली बेबाबाई हलक्या आवाजात म्हणाली, "त्याच गोयाले पुढे ने." किरणच्या कानात काही शिरलं नाही. तिला समोर फक्त आई दिसत होती. कमलबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या, जणू काहीतरी आणायला आत जायचंय.

किरणने गोळा खाली ठेवला. माईक घेतला.

"मला मांडे येत नाहीत," ती म्हणाली. "रीलमधले हात माझे नाहीत."

समोरचे उचललेले मोबाईल खाली आले.

"मग कुणाचे?" पुढच्या रांगेतल्या एका बाईने विचारलं.

बेबाबाई उभी राहिली. तिने पिठाचे हात पदराला पुसले. किरणने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या उघड्या मनगटांकडे, मग मागच्या फ्लेक्सवरच्या हिरव्या बांगड्यांकडे. नाव सांगितलं तर? तीनशे बायका एकदम त्या बांगड्यांकडे बघतील. पंधरा वर्षं विधवा असलेली बाई आणि हातभर हिरवा चुडा! संध्याकाळच्या आत शिंदखेड्याला कळेल. अक्काला कोण कार्याला बोलवेल मग? आपल्यामुळे हिला नको, हे एकच तिच्या मनात राहिलं.

"नेटवरून घेतले," ती म्हणाली. "कुणाचे ते मला माहीत नाही."

बेबाबाई क्षणभर तशीच उभी राहिली. मग खाली बसली.

पुढचं सगळं भराभर झालं. कुजबूज, हसू, मोबाईल वर. लीलाधर मामांनी माईक ओढून घेतला आणि आता झोक्याची गाणी होतील म्हणून सांगितलं. एवढं पीठ वाया कशाला घालवायचं, म्हणून जाता जाता बेबाबाईला विचारलं, "अक्का, तुम्हाला येतात का मांडे? दोन-चार करून टाका."

"नही येत माले," बेबाबाई म्हणाली.

किरणने ते ऐकलं. आजवर तिला कुणी थोबाडीत मारली नव्हती, पण मारल्यावर कसं वाटत असेल ते तिला तेव्हा कळलं.

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. कमलबाई खिडकीशी बसल्या, पैठणीवर राख पडली होती ती झटकायचंही त्यांना भान नव्हतं. समोरच्या बाकावर बेबाबाई आणि किरण. धरणगाव गेलं. किरणचा मोबाईल सारखा थरथरत होता. कुणीतरी स्टेजवरचा व्हिडिओ टाकला होता. तिने तो न उघडता उलटा करून मांडीवर ठेवला, मग सुलटा केला, मग पुन्हा उलटा.

शेवटी बेबाबाईनेच विचारलं, "तू मनं नाव काबर नही सांगं?"

किरण चपापली. आई ऐकत होती. पण आता झाकायला उरलं तरी काय होतं? "तुम्हाला लोक बोलले असते, अक्का. तुमच्या हातात त्या बांगड्या..."

कमलबाईंनी मान वळवली. त्यांनी बेबाबाईच्या हातांकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं, आणि सगळं त्यांच्या लक्षात आलं.

"बोलतात तं बोलतात," बेबाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून ऐकायला जास्त कठीण जात होतं. "मी दारनी कडी लाई व्हती, तवय माले बी भेव व्हतं. आज नही व्हतं. आज मी उभी राहिनी व्हती. चार लाख लोकेसनी मना हात देखात, पोरी. आन् तू सांगस, कोना शेतस माहीत नही."

किरणला रडू आलं. आपण अक्काला वाचवलं, असं ती धरणगावपर्यंत स्वतःला समजावत आली होती. पण तेही पूर्ण खरं नव्हतं. अक्काचं नाव घेतलं असतं तर अक्का तिथेच मांडा करून दाखवू शकली असती, आणि त्या मांड्याशेजारी आपले दोन फाटलेले गोळे सगळ्यांना दिसले असते. तेही तिला नको होतं. पान फाडून टाकायची सवय. हे तिने अडखळत, नाक ओढत, जसं येईल तसं सांगून टाकलं. बेबाबाईने ऐकून घेतलं.

मग तिने कमरेची कापडी पिशवी सोडली, त्यातली पानाची डबी काढली, आणि डबीतून एक हिरवी बांगडी. अख्खी. साधी चीरसुद्धा गेलेली नाही.

"वाढली म्हणाला होतात," किरण म्हणाली.

"खोटं बोलनू मी. तू एकटीच बोलस का?"

बेबाबाई ती बांगडी हातात घालू लागली. बोटांच्या सांध्यावर ती अडली. साबण नव्हता, पाणी नव्हतं. कमलबाई बघत होत्या. किरणला वाटलं, आई आता म्हणेल, अक्का, गाडीत लोक आहेत. कमलबाई उठल्या. समोर येऊन बसल्या, बेबाबाईचा हात आपल्या मांडीवर घेतला, अंगठा आत दुमडला आणि बांगडी हळूहळू वर सरकवली. ती मनगटात उतरेपर्यंत त्या श्वास धरून होत्या.

"आते काढ फोटू," बेबाबाई किरणला म्हणाली.

किरणने मोबाईल धरला. फिल्टरवर बोट गेलं होतं ते तिने बाजूला घेतलं. खिडकीतून येणाऱ्या उन्हात एकेक चटका दिसत होता, काळे, गुलाबी, एक तर कालचाच, फोड आलेला. तिने फोटो काढला, जुना रील त्याला जोडला आणि लिहायला घेतलं. 'हे हात...' खोडलं. 'रीलमधले हात...' खोडलं.

"खोडू नको," कमलबाई म्हणाल्या. "लिही सरळ. बेबाबाई भाईदास, शिंदखेडा. मांडा यांच्या हातचा."

किरणने लिहिलं.

"आन् खाले लिख, फाटेल मांडा किरणना." कमलबाई थांबल्या. आपण कुठल्या बोलीत बोललो हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. त्यांनी पैठणीच्या पदराने डोळे पुसले, तेव्हा गालाला राख लागली. "त्याना आगोदर एक तिनी मायना बी फाटेल व्हता. तेबी लिख."

किरणने आईकडे पाहिलं. मग तेही लिहिलं, 'फाटेल' असंच लिहिलं, आणि पाठवायचं बटण दाबलं.

अमळनेर सुटलं होतं. दोन्ही बाजूंना कापून झालेली शेतं, नेटवर्क नाही. पडद्यावर नुसतं गोल चक्र फिरत राहिलं. किरणचा पाय हलायला लागला. तिघींची डोकी त्या चक्रावर वाकली.

"गया का?" बेबाबाईने विचारलं.

"नाही अजून."

बेटावद आलं, गेलं. चक्र फिरतच होतं. बेबाबाईने आपला हात फोटोसाठी धरला होता तसाच उन्हात धरून ठेवला होता, खाली घेतलाच नव्हता.

"अक्का, फोटो काढून झाला," किरण म्हणाली. "हात खाली घ्या, दुखेल."

"राहू दे," बेबाबाई म्हणाली. "गया का सांग."